बीज एकीचं, कायदा भलत्याच देशाचा

कॅनडात स्त्रीबीजासाठी बाईला पैसे मोजणं हा फौजदारी गुन्हा आहे. 2004 च्या कायद्यात त्यासाठी दहा वर्षांपर्यंतचा तुरुंगवास आणि पाच लाख डॉलरपर्यंतचा दंड सांगितला आहे. तरीही तिथले दवाखाने अमेरिकेतल्या बीजपेढ्यांमधून गोठवलेली स्त्रीबीजं मागवतात. त्या बीजांसाठी अमेरिकेतल्या कुणा मुलीला पैसे मिळालेले असतात. पण तो व्यवहार सीमेपलीकडे झालेला असतो, त्यामुळे कॅनडाच्या कायद्याला त्याच्याशी काही कर्तव्य नसतं. द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत उणे 196 अंशांवर ठेवलेलं बीज विमानाने येतं आणि कायदा मोडल्याशिवाय कुणाच्या तरी घरी पाळणा हलतो.

दुसऱ्या बाईच्या बीजापासून मूल होऊ द्यावं का, आणि द्यायचं तर कोणत्या अटींवर, यावर गेली चाळीस वर्षं देशोदेशी कायदे होत आहेत. ते शेजारीशेजारी ठेवून वाचले की दिसतं ते असं, की बंदीने मागणी थांबत नाही. बीज कुठल्या देशातल्या बाईच्या पोटातून काढायचं, एवढंच तिने ठरतं. शिवाय या कायद्यांनी आधी मूल हवं असलेल्या जोडप्याचा विचार केला, बऱ्याच उशिरा जन्मणाऱ्या मुलाचा केला, आणि जिच्या अंगातून बीज निघतं तिच्याकडे बहुतेकांनी जाता जाता पाहिलं.

पुरुषाचं वीर्यदान आणि स्त्रीचं बीजदान ही एकाच मापाची गोष्ट नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. पुरुषाचं काम एका बंद खोलीत काही मिनिटांत आटोपतं. बाईच्या बाबतीत पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी होते आणि त्यानंतर दहा-बारा दिवस रोज पोटावर संप्रेरकांची इंजेक्शनं सुरू होतात. एरवी महिन्याला एक बीज पिकतं. इथे एकाच वेळी दहा-पंधरा पिकवायची असतात. दर दोन-तीन दिवसांनी योनीमार्गातून सोनोग्राफी करून बीजकोश मोजले जातात. ते अठरा मिलिमीटरच्या आसपास पोचले की शेवटचं इंजेक्शन दिलं जातं, बहुतेकदा रात्री, कारण त्यानंतर 34 ते 36 तासांनी बीजं बाहेर काढायची असतात आणि ती वेळ चुकवून चालत नाही. मग भूल देऊन योनीच्या भिंतीतून लांब सुई थेट अंडाशयात घालतात आणि एकेका कोशातलं पाणी ओढून घेतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम. दवाखान्यातल्या भाषेत याला ‘पिकअप’ म्हणतात. संध्याकाळपर्यंत बाई घरी जाते.

बहुतेक जणी ठणठणीत घरी जातात, हे सांगायलाच हवं. पण काहींची अंडाशयं औषधांना अति प्रतिसाद देतात, पोटात पाणी साठतं, रक्त घट्ट होतं, श्वास लागतो. क्वचित रक्तस्राव होतो किंवा जंतुसंसर्ग होतो. शेवटच्या इंजेक्शनाचं औषध बदलून हा धोका आता पुष्कळ कमी करता येतो, अर्थात डॉक्टरने ते मनावर घेतलं तर. वारंवार बीज दिलेल्या बायकांचं वीस-तीस वर्षांनी काय होतं, याची माहिती मात्र जगात कुठेच पुरेशी जमवलेली नाही. ज्यांना मूल झालं त्यांची आणि त्या मुलांची नोंद ठेवायला सगळे उत्सुक असतात; डोनर दवाखान्याच्या पायऱ्या उतरली की तिची फाइल बंद होते.

हे तंत्र जन्मलं 1983-84 च्या सुमारास, दोन ठिकाणी. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या गटाने प्रयोगशाळेत फलित केलेलं दुसऱ्या स्त्रीचं बीज गर्भाशयात रुजवून दाखवलं. कॅलिफोर्नियात जॉन बस्टर यांच्या गटाने वेगळाच मार्ग धरला. डोनर बाईच्याच पोटात, मूल हव्या असलेल्या बाईच्या नवऱ्याच्या वीर्याने गर्भ तयार होऊ द्यायचा आणि पाचेक दिवसांनी तो धुऊन बाहेर काढून दुसरीच्या गर्भाशयात सोडायचा. 1984 च्या फेब्रुवारीत त्यातून मूल जन्मलं, पण ती पद्धत मागे पडली. गर्भ निसटून डोनरच्याच पोटात राहिला तर काय, हा प्रश्न कुणाही समजत्या माणसाला पडला असता. भारतात या वाटेवर पहिलं पाऊल मुंबईत पडलं. 1986 मध्ये केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आणणाऱ्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांनीच 1991 च्या जानेवारीत दुसऱ्या स्त्रीच्या बीजापासून देशातलं पहिलं मूल घडवलं. अकाली पाळी गेलेल्या बायकांना तोवर दत्तक घेण्याखेरीज पर्याय नव्हता.

जर्मनीने मात्र हे दार लावून घेतलं. तिथला भ्रूणसंरक्षण कायदा 1990 च्या अखेरीस झाला आणि 1 जानेवारी 1991 पासून लागू झाला. दुसऱ्या बाईचं बीज एखादीच्या गर्भाशयात रुजवणाऱ्या डॉक्टरला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. बीज देणारीला आणि घेणारीला शिक्षा नाही. कारण सांगितलं गेलं ते ‘दुभंगलेल्या मातृत्वाचं’: जन्म देणारी एक आणि रक्ताची दुसरी असेल तर मुलाला आपण कोण हे उमगणार नाही. गंमत म्हणजे याच देशात वीर्यदान चालतं आणि 2018 पासून वीर्यदात्यांची मध्यवर्ती नोंदवहीही आहे. म्हणजे बाप दुभंगला तर चालतो. नाझी राजवटीत डॉक्टरांनी माणसांच्या शरीराशी जे केलं त्या आठवणीमुळे जर्मन समाज जीवशास्त्राच्या बाबतीत फुंकून ताक पितो, हे समजण्यासारखं आहे. पण चाळीस वर्षांत मुलांवर अशा दुभंगाचा वाईट परिणाम झाल्याचा पुरावा पुढे आलेला नाही. 2024 मध्ये सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने बंदी उठवणं घटनेत बसतं, असा कौल दिला. कायदा अजून उभा आहे.

शेजारच्या ऑस्ट्रियातही बंदीच होती. तिथल्या दोन जोडप्यांनी ती थेट युरोपीय मानवाधिकार न्यायालयात नेली आणि 2011 मध्ये तिथल्या मोठ्या पीठासमोर ती जोडपी हरली. न्यायालयाने म्हटलं, हा विषय वेगाने बदलतो आहे, देशांना आपापलं ठरवू द्या. हरलेल्या खटल्यानंतर चारच वर्षांनी, 2015 मध्ये, ऑस्ट्रियाने स्वतःहून परवानगी दिली: बीज देणारी 18 ते 30 वर्षांची, घेणारी 45 च्या आतली, आणि मुलाला चौदाव्या वर्षी डोनरची माहिती मागण्याचा हक्क. इटलीत 2004 च्या कडक कायद्याने परक्या बीजाला मनाई केली होती. ती 2014 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने रद्द केली. पण बंदी उठली म्हणून डोनर रांग लावून उभ्या राहिल्या नाहीत. पैसे देता येत नाहीत, आणि दहा दिवस सुया टोचून घ्यायला फुकट कोण येणार? इटलीतले दवाखाने गोठवलेली बीजं मागवू लागले, मुख्यतः स्पेनमधून.

स्पेन हे या व्यवसायाचं युरोपातलं माहेरघर. युरोपात होणाऱ्या बीजदानाच्या उपचारांपैकी जवळपास निम्मे एकट्या स्पेनमध्ये होतात असं युरोपीय आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते. फ्रँकोची हुकूमशाही संपून जेमतेम तेरा वर्षं झालेल्या या कॅथलिक देशाने 1988 मध्ये, म्हणजे बहुतेकांच्या आधी, कायदा केला आणि तो कमालीचा मोकळा केला. 2006 च्या सुधारित कायद्याने चौकट तीच ठेवली. डोनर 18 ते 35 वर्षांची. तिचं नाव गुप्त. जोडप्याला कळणार नाही आणि मोठं झाल्यावर मुलालाही नाही, जिवावर बेतणारा प्रसंग सोडून. अमेरिकेतल्यासारखं फोटो बघून डोनर निवडता येत नाही. रंग, उंची, डोळे, रक्तगट जुळवून डॉक्टरच निवडतात. एका डोनरपासून देशभरात सहापेक्षा जास्त मुलं नकोत. आणि पैसे? विकत घ्यायला मनाई, पण ‘गैरसोयीची भरपाई’ द्यायला मुभा. ती साधारण हजार युरोंच्या आसपास असते.

हा हजाराचा आकडा फार हुशारीचा आहे. बार्सिलोनातल्या नोकरदार बाईला तो मोहात पाडत नाही, म्हणून सरकार म्हणू शकतं की आम्ही विकत घेत नाही. पण विद्यापीठाची फी थकलेल्या मुलीला, नोकरी गेलेलीला, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कामगार बाईला तो महिन्याभराचा आधार असतो. युरोपीय संघाचा 2004 चा निर्देश म्हणतो की पेशी आणि ऊतींचं दान ऐच्छिक आणि विनामोबदला असावं, भरपाई चालेल. भरपाई कुठे संपते आणि किंमत कुठे सुरू होते हे मात्र त्यात नाही. त्या फटीतून स्पेन आणि चेक प्रजासत्ताकाचा अख्खा उद्योग उभा राहिला. चेक दवाखानेही गुप्ततेवर चालतात, घेणारीचं वय 49 पर्यंत चालतं, आणि जर्मनीची सीमा गाडीने काही तासांवर. संकेतस्थळं जर्मन भाषेत, समन्वयक जर्मन बोलणारी. जर्मन डॉक्टर घरी ते बीज रुजवू शकत नाही; प्रागमधला रुजवतो.

ब्रिटनने वेगळी वाट धरली आणि ती माझ्या मते जास्त प्रामाणिक आहे. तिथे 1990 च्या कायद्याने या सगळ्यावर देखरेख ठेवणारं स्वतंत्र प्राधिकरण नेमलं गेलं. प्रत्येक उपचाराची, प्रत्येक डोनरची आणि प्रत्येक जन्माची नोंद 1991 पासून एका जागी आहे. डोनरची गुप्तता 1 एप्रिल 2005 पासून संपली. त्यानंतर दिलेल्या बीजापासून जन्मलेलं मूल अठराव्या वर्षी तिचं नाव आणि शेवटचा माहीत असलेला पत्ता मागू शकतं. अशी पहिली मुलं 2023 मध्ये अठरा वर्षांची झाली. गुप्तता गेली की दान आटेल अशी भीती तेव्हा बोलून दाखवली जात होती. टंचाई जाणवली आणि लोक स्पेनला जाऊ लागले, हेही खरं. मग 2012 मध्ये खर्चाची काटेकोर मर्यादा काढून एका वेळेसाठी सरसकट 750 पौंड ठरवले गेले आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये ही रक्कम हजार पौंडांच्या जरा खाली नेऊन ठेवली. एका डोनरची बीजं दहाहून जास्त कुटुंबांना नाहीत. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय जोडप्यांना या व्यवस्थेत एक वेगळीच अडचण येते. दक्षिण आशियाई डोनर फार कमी. आपल्यासारखं दिसणारं मूल हवं तर थांबा, नाहीतर मिळेल ते बीज घ्या. लंडन-लेस्टरमधल्या मराठी घरांत यावर उघड बोलणं होत नाही, पण म्हणून ही रांग आखूड होत नाही.

गुप्ततेच्या बाबतीत स्वीडन सगळ्यांच्या पुढे होता. 1985 मध्ये त्याने वीर्यदात्याची गुप्तता काढली, बीजदान मात्र 2003 मध्ये सुरू केलं. नॉर्वेने तर 2021 पर्यंत वाट पाहिली. फ्रान्स फुकट आणि गुप्त या दोन तत्त्वांना अनेक दशकं चिकटून होता. 2021 च्या जैवनीती कायद्याने एकट्या बाईला आणि दोन बायकांच्या जोडप्यालाही हे उपचार खुले केले आणि मुलाला अठराव्या वर्षी डोनर कळण्याचा हक्क दिला. 31 मार्च 2025 पासून फक्त या नव्या अटीला होकार दिलेल्यांचीच बीजं आणि वीर्य वापरायचं, जुना साठा बाजूला. खर्च सरकारी विमा उचलतो, त्रेचाळिसाव्या वाढदिवसापर्यंत. पैसे न घेता पुढे येणाऱ्या डोनर मात्र गरजेपेक्षा कमीच, म्हणून प्रतीक्षायादी लांब आणि पिरनीज पर्वताच्या पलीकडे स्पेन. पोर्तुगालच्या घटना न्यायालयाने 2018 मध्ये गुप्तता घटनाविरोधी ठरवली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने त्याहून पुढचं पाऊल टाकलं. 2017 पासून जुन्या, गुप्ततेचं वचन देऊन घेतलेल्या नोंदीही मुलांना उघड्या केल्या. हे मला पटतही नाही आणि पूर्ण अमान्यही करता येत नाही. वीस वर्षांपूर्वी दिलेला शब्द सरकार मोडतं, तेव्हा पुढची बाई कुठल्या शब्दावर विश्वास ठेवणार? पण ज्याच्या जन्माबद्दल तो शब्द दिला गेला, त्याला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

तसं पाहिलं तर गुप्ततेचा कायदा आता कागदावरच उरला आहे. थुंकीची नळी पोस्टाने पाठवून वंशावळ शोधून देणाऱ्या अमेरिकन कंपन्यांकडे कोट्यवधी लोकांचे नमुने आहेत. डोनरने स्वतः तपासणी केलेली नसली तरी तिच्या एखाद्या मावसभावाने केलेली असते, आणि तेवढ्यावर माग लागतो.

अमेरिकेत केंद्रीय कायदा या पैशांबद्दल मौनच बाळगतो. 1999 मध्ये हार्वर्ड, येल अशा विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रांत एक जाहिरात झळकली: पाच फूट दहा इंच उंची, प्रवेश परीक्षेत 1400 च्या वर गुण, खेळाडू, घराण्यात मोठे आजार नसलेली मुलगी हवी, बिदागी 50,000 डॉलर. गदारोळ झाला. पुनरुत्पादन वैद्यकाच्या तिथल्या डॉक्टरांच्या संस्थेने 2000 मध्ये ठरवलं की 5,000 डॉलरच्या वर द्यायचे तर कारण द्या आणि 10,000 च्या वर देणं अनुचित. बऱ्याच दवाखान्यांनी ते पाळलंही. मग 2011 मध्ये एका डोनरने दावा ठोकला, की खरेदीदारांनी संगनमत करून भाव पाडून ठेवणं म्हणजे मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग. 2016 मध्ये तडजोड झाली आणि संस्थेने ते आकडे मागे घेतले. मला हा खटला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका वाटतो. दवाखाना फी घेतो, एजन्सी दलाली घेते, पेढी साठवणुकीचे पैसे लावते, वकील कराराचे लावतो. आणि नैतिकतेची मर्यादा फक्त जिच्या अंगात सुई जाते तिच्या मोबदल्यालाच. अमेरिकेतला खुला बाजार मला मान्य नाही, उंची आणि गुणपत्रिकेवरून भाव ठरणं तर घृणास्पद आहे. तरी त्या बाईचा प्रश्न चुकीचा नव्हता. कोलोरॅडो राज्याने 2025 च्या सुरुवातीपासून गुप्त दान बंद केलं. बाकी राज्यं अजून आपापल्या चालीने.

गोठवण्याच्या तंत्रामुळे हा बाजार जगभर पसरला. जुन्या संथ पद्धतीत बीजात बर्फाचे स्फटिक होऊन ते फुटायचं. आताच्या अतिजलद पद्धतीत ते काचेसारखं गोठतं. 2012 मध्ये अमेरिकन डॉक्टरांच्या त्याच संस्थेने या पद्धतीवरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला. तोवर डोनर आणि घेणारी यांच्या पाळ्या जुळवून दोघींना एकाच गावात आणावं लागे. त्यानंतर बाई एका देशात, बीज दुसऱ्या, गर्भाशय तिसऱ्या.

पूर्वेकडे जपानमध्ये परवानगीचा किंवा बंदीचा स्पष्ट कायदा अनेक वर्षं झालाच नाही. 2020 च्या कायद्याने एवढं सांगितलं की जन्म देते तीच आई. डॉक्टर हात आखडता घेतात, म्हणून जोडपी तैवानला जातात. तिथे 2007 पासून गुप्त दानाला मुभा आहे आणि डोनरला 99,000 तैवानी डॉलरपर्यंत मोबदला मिळतो. चीनमध्ये बीजाचा व्यापार बेकायदा, त्यामुळे काळा बाजार. दक्षिण कोरियात 2005 मध्ये ह्वांग वू-सुक या शास्त्रज्ञाचं क्लोनिंगचं बनावट संशोधन उघडं पडलं, तेव्हा त्यात दोन हजारांहून अधिक स्त्रीबीजं वापरल्याचं आणि काही बीजं त्याच्याच हाताखालच्या संशोधक मुलींची असल्याचं समोर आलं. हाताखालची मुलगी साहेबाला कसं ‘नाही’ म्हणणार, हे कोरियात काय किंवा आपल्याकडे काय, वेगळं सांगावं लागत नाही.

इराणची गोष्ट मात्र थोडं थांबून पाहण्यासारखी आहे, कारण ती अपेक्षेच्या उलट जाते. सुन्नी जगात 1980 च्या अल-अजहरच्या फतव्याने नवरा-बायकोच्या बाहेरचं कुणाचंही बीज निषिद्ध ठरवलं, आणि बहुतेक सुन्नी देश आजही तेच पाळतात. शिया इराणमध्ये आयातुल्ला खामेनी यांनी 1999 मध्ये बीजदानाला धर्माची मुभा दिली. काही धर्मपंडितांनी तिसरी बाई आली म्हणजे व्यभिचाराचा दोष येतो असं म्हटलं, तेव्हा मुदतीच्या लग्नाची जुनी शिया प्रथा उपयोगी पडली: नवऱ्याने डोनरशी तेवढ्या दिवसांपुरता निकाह लावायचा. 2003 मध्ये संसदेने गर्भदानाचा कायदा केला. जर्मनीत तुरुंग, इराणमध्ये परवाना; पुढारलेपणाचा आपला नकाशा इथे काही कामाला येत नाही.

आता आपल्याकडचं. 2005 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मार्गदर्शक सूचना काढल्या, पण सूचना म्हणजे कायदा नव्हे. विधेयकांचे मसुदे 2008, 2010, 2014 असे येत राहिले. 2010 च्या मसुद्यात एका बाईला आयुष्यात सहा वेळा बीज देण्याची मुभा होती. तोवर दवाखाने, एजंट आणि परदेशी ग्राहक यांचा बाजार फोफावला. डोनर बहुतांश वस्त्यांतल्या: घरकाम करणाऱ्या, कारखान्यातून कमी झालेल्या, नवऱ्याचं कर्ज फेडणाऱ्या. एकीने केलं की ती दुसरीला आणायची आणि आणण्याचे पैसे मिळवायची. कालची डोनर आज एजंट. 2010 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत भंगाराच्या दुकानात काम करणारी 17 वर्षांची मुलगी बीज दिल्यानंतर दोन दिवसांत वारली. ती तिची पहिली खेप नव्हती. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2014 मध्ये दिल्लीत आणखी एक डोनर गेली. दोन्ही मृत्यू काही दिवस बातम्यांत राहिले.

अखेर सहायक पुनरुत्पादन तंत्रज्ञान कायदा 2021 च्या डिसेंबरात मंजूर झाला आणि 25 जानेवारी 2022 पासून लागू झाला. डोनर 23 ते 35 वर्षांची. आयुष्यात एकदाच दान, आणि त्या वेळी सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. एका डोनरची बीजं एकाच जोडप्याला. बीज नोंदणीकृत पेढीमार्फतच, आधार क्रमांकासह. मध्यस्थ बेकायदा, विक्री बेकायदा. पहिल्या गुन्ह्याला पाच ते दहा लाख दंड, पुन्हा केला तर तीन ते आठ वर्षं कैद. घेणारी बाई 21 ते 50 वयाची. मूल कायद्याने जोडप्याचंच, डोनरचा त्यावर कसलाही हक्क नाही.

कागदावर डोनरचा एवढा विचार करणारा कायदा जगात विरळा. पण सातचा आकडा कुठून आला, हे कळत नाही. इंजेक्शनं दिल्यावर किती बीजं पिकतील हे डॉक्टरच्या हातात पूर्णपणे नसतं. चौदा पिकली तर सात काढायची आणि सात पोटात सोडायची? धोका औषधांचा आहे आणि तो देऊन झालेला असतो. मोजून थांबल्याने तो कमी होत नाही. दुसऱ्या बाजूने, सातांतली काही कच्ची निघतात, काही फलित होत नाहीत, गर्भ एक-दोनच हाती लागतात. जोडप्याला पुन्हा नवी डोनर, म्हणजे आणखी एका बाईला सुया. औषधांची मात्रा बांधून दिली असती आणि दाखल झालेल्या प्रत्येक डोनरची नोंद सक्तीची केली असती, तर संरक्षण खरं झालं असतं. आकडा ठरवणं सोपं होतं, म्हणून आकडा आला.

आणि पैसे नाहीत, नातं नाही, आयुष्यात एकदाच, तर अनोळखी जोडप्यासाठी कोण येणार? येतात त्या पैशांसाठीच; फक्त आता त्या पैशांची पावती नसते. 2022 च्या जूनमध्ये, म्हणजे कायदा लागू झाल्यावर पाच महिन्यांत, तमिळनाडूतल्या इरोडमध्ये 16 वर्षांच्या मुलीचं प्रकरण उघडकीस आलं. आई आणि आईचा साथीदार तिला अनेक वर्षं वेगवेगळ्या दवाखान्यांत बीज विकायला नेत होते. तपासाचे धागे शेजारच्या राज्यांपर्यंत गेले. वय वाढवून दाखवणारं आधार कार्ड बनावट होतं. ज्या कागदावर नव्या कायद्याची सगळी भिस्त आहे, नेमका तोच.

सरोगसीच्या कायद्याने गोंधळात भर घातली. 2023 च्या मार्चमध्ये केंद्राने नियम बदलून सरोगसीत दात्याचं बीज किंवा वीर्य चालणार नाही असं ठरवलं. जन्मतः गर्भाशय नसलेल्या, बीजही तयार होत नसलेल्या एका बाईने सर्वोच्च न्यायालय गाठलं. ऑक्टोबरमध्ये तिला दिलासा मिळाला आणि 2024 च्या फेब्रुवारीत सरकारने नियम पुन्हा फिरवला. आता जिल्हा वैद्यकीय मंडळाच्या दाखल्याने जोडप्यातल्या एकाचं बीज किंवा वीर्य बाहेरचं चालतं. विधवा किंवा घटस्फोटित बाईला मात्र स्वतःचंच बीज वापरावं लागतं. तिचं बीज संपलं असेल तर तिने काय करायचं, याला उत्तर नाही.

डोनरचं मुलाशी नातं काय, हा प्रश्न 2024 च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आला तो फार गुंतागुंतीच्या रूपात. नवी मुंबईतल्या एका जोडप्याला बायकोच्या धाकट्या बहिणीने बीज दिलं होतं आणि सरोगेट आईपासून जुळ्या मुली झाल्या होत्या. दरम्यान त्या बहिणीचा नवरा आणि मुलगी अपघातात गेले. पुढे नवरा-बायकोचं बिनसलं. नवरा जुळ्यांना घेऊन वेगळा राहू लागला आणि मेहुणीही तिथेच. तिचं बीज आहे, म्हणून तीच खरी आई, असा त्याचा दावा. खालच्या न्यायालयाने बायकोला मुलींची भेट नाकारली होती. उच्च न्यायालयाने ते फिरवलं: बीज दिलं म्हणून आईचा हक्क मिळत नाही, भेट मिळेल. निकाल 2021 च्या कायद्यावर नव्हे, 2005 च्या त्या सूचनांवर उभा राहिला, कारण करार आधीचा होता. निकाल योग्यच आहे. पण सगळं गमावलेल्या त्या बहिणीला त्या मुलींकडे बघून काय वाटत असेल, हे कुठल्याच सूचनांत बसणारं नव्हतं.

मुलांचा हक्क भारतीय कायद्यात जवळजवळ नाहीच. 2005 च्या सूचनांनी अठरा वर्षांच्या मुलाला डोनरची ओळख वगळून बाकी माहिती मागू दिली होती. 2021 च्या कायद्याने तेवढंही स्पष्ट लिहिलं नाही. दवाखान्याने नोंदी दहा वर्षं ठेवायच्या आणि मग राष्ट्रीय नोंदवहीत जमा करायच्या. त्या कुणी कधी उघडायच्या याची वाट न्यायालयाच्या आदेशातून किंवा वैद्यकीय आणीबाणीतून जाते. या कायद्याखाली जन्मलेली पहिली मुलं 2040 च्या आसपास अठरा वर्षांची होतील, आणि आपल्याकडे बहुतेक घरांत त्यांना यातलं काही सांगितलेलं नसेल.

डोनरसाठी जोडप्याने बारा महिन्यांचा विमा काढायचा, असं कायदा सांगतो. पिकअपच्या वेळची गुंतागुंत आणि मृत्यू त्यात येतात. तेरावा महिना लागला की तिच्या पोटदुखीचा, बिघडलेल्या पाळीचा किंवा पुढे स्वतःला मूल न राहण्याचा या व्यवहाराशी संबंध आहे की नाही, हे तपासण्याची जबाबदारी कुणावरच नाही. नोंदवहीत तिचं नाव असतं ते ती पुन्हा बीज द्यायला येऊ नये म्हणून. तिची तब्येत कशी आहे, हे विचारणारा रकाना त्यात आजही घालता येईल. त्यासाठी नवा कायदाही लागत नाही, नियमांतली एक दुरुस्ती पुरते.